वापरात नसलेली जागा

"ताई, त्या बाईला तेवढं काढून टाका," सर म्हणाले आणि तिने सवयीने मान डोलावली. मान डोलावून झाल्यावर तिला दिसलं की ती बाई म्हणजे तिची आई आहे.

भिंतीवरच्या पडद्यावर एका गच्चीचा फोटो होता. नवं काम कुणाला दाखवायचं म्हटलं की एक 'आधी'चा आणि एक संगणकावर रचलेला 'नंतर'चा असे दोन फोटो लागतात, आणि 'आधी'चा जितका भकास तितका 'नंतर'चा खुलून दिसतो, हे ऑफिसात चहा आणून देणाऱ्यालाही ठाऊक होतं. छपरांवर शेती हेच त्यांच्या ऑफिसाचं काम. शहरातल्या तापलेल्या गच्च्या हिरव्या करायच्या, वर भाजी पिकवायची, खालची घरं गार ठेवायची. या गच्चीच्या 'आधी'त रंगाचे गंजके डबे होते, कड फुटलेले टब होते, एक तळ गेलेली बालदी होती, आणि त्या सगळ्यातून जागा मिळेल तिथून वर आलेली वांगी, मिरच्या आणि दोरीवर चढवलेले वेल होते. मधोमध कॅमेऱ्याकडे पाठ करून एक बाई वाकली होती. गुडघे न वाकवता कमरेतूनच खाली गेलेली, डावा हात कमरेवर उलटा टेकवलेला, अंगात पुरुषी शर्ट, निळा, पांढऱ्या चौकड्यांचा. फोटोखाली लिहिलं होतं: 'वापरात नसलेली जागा'. "माणूस दिसला की जागा वापरात आहे असं वाटतं," सरांनी समजावलं. "आणि ते हिरवंही काढा. डबे राहू द्यात." गच्च्यांची छोटी मॉडेलं करणारा म्हणाला, "सर, म्हणजे आपण आधी उजाड करतो आणि मग हिरवं करतो." सगळे हसले, सरही हसले. तीही हसली. त्या हसण्याचाच तिला पुढे कितीतरी दिवस सगळ्यात जास्त राग येत राहिला. आई दिसल्यानंतर ती हसली होती. आधी नव्हे.

सर वाईट असते तर बरं झालं असतं. ते तिच्याहून बरेच लहान, तिला ताई म्हणणारे, सायकलवर येणारे, स्वतःचा कप स्वतः विसळणारे. त्यांच्यावर रागवायचं म्हणजे कापसावर बुक्क्या मारायच्या. ती आपल्या टेबलाशी येऊन बसली, फोटो उघडला आणि मोठा केला. शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली होती, ती तिनेच शिवली होती. पहिल्या पगारात बाबांसाठी घेतलेला शर्ट. बाबांनी तो अंगाला लावून आरशात पाहिला, "ठेवणीतला आहे," म्हणाले, आणि घडी करून कपाटात ठेवला. तो ठेवणीतच राहिला. कुठलाच प्रसंग त्यांना त्यासाठी पुरेसा मोठा वाटला नाही. ते गेल्यावर आईने तो काढला आणि मातीत काम करताना घालायला सुरुवात केली. ती तेव्हा आईवर किती ओरडली होती. "तुला दुसरा शर्ट मिळाला नाही?" आई म्हणाली होती, "याच्या बाह्या लांब आहेत. डास चावत नाहीत." बस. एवढंच. आईशी भांडायला गेलं की असंच व्हायचं. आपण गळ्यापर्यंत भरून जायचं आणि ती डासांबद्दल बोलायची.

तिने पुसायला घेतलं. हे तिला डोळे मिटून यायचं. शेजारच्या कठड्याचा तुकडा उचलायचा आणि नको असलेल्या गोष्टीवर सारवत न्यायचा, म्हणजे ती गोष्ट तिथे कधी नव्हतीच असं होतं. आधी वेल गेले. मग मिरच्या. एकेक डबा रिकामा होत गेला आणि तिच्या नाकात, एअर कंडिशनरच्या त्या थंड कोरड्या हवेत, कुजणाऱ्या सालींचा वास आला. तो वास तिच्या लहानपणाला चिकटून होता. आई बालदी घेऊन मजल्यामजल्यावर फिरायची, दार वाजवायची आणि शेजाऱ्यांच्या भाजीची सालं, देठं, चहाचा चोथा मागून आणायची. मागून. लोक कचरा टाकतात, हिची आई तो मागायची. वर नेऊन डब्यात थरावर थर रचायची, ओलं-सुकं, ओलं-सुकं, आणि महिन्यांनी त्याची काळी भुसभुशीत माती व्हायची, ती मुठीत दाबून बघायची आणि खूश व्हायची. मुलीच्या गुणांवर अशी खूश झालेली तिने आईला कधी पाहिलं नव्हतं. बालदीची कडी दुसऱ्या बाजूने धरायला मुलगीच असायची. जिन्यात मुलं बाजूला सरायची, नाक धरायची. आईचं नाव पडलं सालवाली, आणि हिचं सालवालीची. वर्गात कुणाच्या डब्यातलं काही नासलं तरी सगळे हिच्याकडे बघायचे. तेव्हाच तिने ठरवलं होतं की मोठं झाल्यावर असं काम करायचं जिथे हाताला काही लागत नाही. पांढरा कागद, सरळ रेघ. ते तिने करून दाखवलं. रेघ इंचभर नाही, केसभर वाकडी गेली तरी तिला बसवत नसे. ऑफिसात तिला पाठीमागे फूटपट्टी म्हणायचे ते तिला माहीत होतं, आणि ते नाव तिला मनातून आवडायचंही. 'सालवालीची'पेक्षा फूटपट्टी शंभरदा बरी.

पुसता पुसता ती आईच्या हातापाशी आली आणि थांबली. कमरेवर उलटा टेकवलेला तो हात. हाताच्या मागे जिन्याची खोली होती, गच्चीवर जिना जिथून निघतो ती चिमुकली खोली, आणि तिची भिंत वाकडी होती. साफ वाकडी. कठड्याला काटकोनात यायची ती तिरकी गेलेली. तिने फोटो बाजूला सारला आणि त्या कामाचा नकाशा उघडला. नकाशा तिचाच होता. गेले कितीतरी आठवडे ती या गच्चीवर भाजी लावायच्या ट्रेच्या रांगा बसवत होती. पण ऑफिसात कामाला टोपणनाव असतं, याचं होतं 'आकाशमळा', आणि तिच्या हातात येतात ते नुसते आकडे, पत्ता कोपऱ्यात दुसरंच कुणी भरतं. आईकडे ती जायची, नाही असं नाही. पण खाली खोलीत बसायची, चहा घ्यायची, गुडघ्याचं निमित्त सांगून गच्ची टाळायची. आणि वरून, पाखराच्या नजरेने, आपलं लहानपण कोण ओळखतं? मोजणीवाल्यांनी आकडे बरोबर पाठवले होते. भिंत तिरकी आहे असंच त्यांनी पाठवलं होतं. तिला आठवलं, ती मॉडेलवाल्याला म्हणाली होती, "यांना धड मोजता येत नाही. भिंती अशा नसतात." आणि तिने ती सरळ करून टाकली होती. फूटपट्टी ना ती.

त्या तिरक्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात पाणी जायचं भोक होतं. ते तसंच राहावं म्हणूनच बांधणाऱ्याने भिंत तिरकी नेली असणार. ते भोक तिचं होतं. म्हणजे लहानपणी आईने तिला नेमून दिलेलं काम ते होतं: पावसाळ्यात काठी घेऊन कोपऱ्यात उकिडवं बसायचं आणि पानं, माती, पिसं अडकून भोक तुंबलं की ते मोकळं करायचं. पाणी आधी नुसतं फिरायचं, मग एकदम गुळगुळ करत खाली जायचं, आणि ती भिंतीला कान लावून ते आपल्या घराच्या बाजूने उतरत जाताना ऐकायची. भोक तुंबलं की पाणी कुठे यायचं हेही तिला ठाऊक होतं. बरोबर त्याच्या खाली आईची खोली होती. आणि आता तिने, स्वतःच्या हाताने, त्या भोकावरून ट्रेची शेवटची रांग सरळ नेली होती, कारण तिला वाकडं बघवत नाही. तिने नकाशाच्या कडेच्या सूचना वाचल्या. त्या कुणी वाचत नाही. सर त्या न वाचता सही करतात, आणि खरं तर तीही वाचत नाही, जुन्या नकाशावरून नव्यावर उचलून टाकते. तिसरी सूचना होती: गच्चीवरील जुनी माती, डबे व इतर राडारोडा उचलून टाकणे. ही ओळ तिनेच कधीतरी लिहिली होती. आजवर कुणाकुणाची माती तिने अशी उचलून टाकायला लावली होती कोण जाणे. तिने संगणक बंद केला नाही, पर्स उचलली आणि निघाली. मॉडेलवाल्याने विचारलं, "ताई, बरं नाही का?" तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ती म्हणाली, "डोकं दुखतंय."

आई गच्चीवरच होती. अंगात तोच शर्ट. "तिथून नको येऊस नकटे, बी टाकलंय तिथं," ती मागे न बघता म्हणाली. पायांच्या आवाजावरून ओळखायची. मुलगी आता पन्नाशीला आली होती, नाकावर चष्मा होता, तरी नकटीच होती. ती कठड्याला टेकून उभी राहिली. ऊन उतरलं होतं, तरी मोकळ्या स्लॅबवर पाय भाजत होते, आणि डब्यांच्या मधे गेलं की एकदम गार लागत होतं. हेच दाखवायला तिचं ऑफिस रंगीत आलेख काढायचं.

"आई, ही गच्ची नवी करणारेत."

"माहितीय. बिल्डिंगच्या मीटिंगमध्ये मीच पहिला हात वर केला."

"कशाला?"

"ते म्हणाले, शेती करणार. म्हटलं, चला, एवढ्या वर्षांनी कुणाला तरी अक्कल आली." आई मगाने एकेका डब्यात पाणी ओतत होती. "तुला फोनवर सांगितलं होतं मी. तू हूं म्हणालीस."

म्हणाली असेल. ती फोनवर नेहमी हूंच म्हणायची. "आई, ते ही माती टाकून देणारेत."

आई हसली. "माती कुणी टाकतं का? मग लावणार कशात, कापसात?"

"विकतची आणणार. हलकी असते. पोत्यातून येते."

"तुला कुणी सांगितलं?"

"मीच लिहिलंय ते. तो नकाशा मी केलाय. मला कळलंच नाही आपली गच्ची आहे ते."

आईने मग खाली ठेवला. ती वळली आणि मुलीकडे पहिल्यांदाच भेटल्यासारखी बघू लागली. "कधीपासून लिहितेस असलं?"

"ते सगळ्यांच्याच नकाशावर असतं, आई. ठरलेलं असतं."

"सगळ्यांच्याच," आई म्हणाली. ती जवळच्या डब्याशी गेली, मूठभर माती काढली आणि मुलीच्या नाकाशी धरली, लहान मुलाला औषध पाजावं तशी. "ही राडारोडा? यात तुझ्या बाबांचा चहा आहे. उठल्यापासून निजेपर्यंत चहा ढोसणारा माणूस, तो सगळा इथं आहे. खालच्या मास्तरांच्या घरची सालं आहेत, मास्तर गेले, त्यांची मुलं घर विकून गेली, सालं इथं आहेत. आणि तू? शाळेतून भरलेला डबा तसाच परत आणायचीस. खाल्ला म्हणून खोटं सांगायचीस. मी कधी बोलले? एक घास फेकला नाही तुझा. तू न खाल्लेलं सगळं इथं आहे."

खरं तर तेव्हा तिने रडायला हवं होतं. पण तिला रडू आलं नाही, भयंकर राग आला. म्हणजे आईला माहीत होतं. डबा ती खायची नाही कारण तिच्या शेजारी बसून कुणी खायचं नाही, आणि आईला ते माहीत होतं आणि तिने त्याची माती केली. "मला सालवालीची म्हणायचे सगळे," ती म्हणाली. "वर्षानुवर्षं. तू एकदा तरी विचारलंस मला? एकदा तरी?"

"विचारून काय करणार होते? सालं टाकून देणार होते?"

"मला जवळ घेतलं असतंस."

आईने हातांकडे पाहिलं. दोन्ही हात मातीने भरलेले होते. "हे असे असायचे," ती म्हणाली. "तू लांब पळायचीस." ती पुन्हा मग भरायला गेली. नळ सोडला, बंद केला. "फोटो कसा आलाय? एक पोरगा आला होता. काकू इकडे बघा, काकू इकडे बघा. म्हटलं, कामात आहे."

"पाठमोरी आहेस."

"मग बरं आहे," आई म्हणाली, आणि पुढच्या डब्याकडे वळली.

घरी जाताना, रात्री अंथरुणात, सकाळी दात घासताना ती सरांशी भांडत होती. मनातल्या भांडणात ती फार सुंदर बोलत होती. सर माफी मागत होते, मॉडेलवाला थिजून उभा होता. नवऱ्याने विचारलं, "कुणाशी बोलतेयस?" तर तिने त्यालाही झापलं. आणि ऑफिसात, सगळ्यांसमोर, तिने तोंड उघडलं तेव्हा त्यातलं एकही वाक्य तिला आठवलं नाही. ती एवढंच म्हणाली, "सर, ती बाई माझी आई आहे. ती जागा वापरात आहे. आणि माझा नकाशा चुकलाय."

सरांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "ताई! मग आधी नाही का सांगायचं?" ते स्वतः खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "अहो, हे तर फारच छान आहे. इतकी वर्षं त्या एकट्या हे करतायत? म्हणजे आपण जे आज म्हणतोय ते त्यांनी तेव्हाच... काढू नका त्यांना. अजिबात काढू नका. उलट 'नंतर'च्या फोटोत घ्या. पुढेच घ्या. फक्त चेहरा दिसू दे, हसऱ्या असू देत, हातात एखादी झारी. उद्घाटनाला त्यांचाच सत्कार करू."

"आणि माती?"

"माती..." सरांनी कपाळाला हात लावला. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "ताई, तुम्हाला काय सांगायचं? ओली झाली की तिचं वजन किती होतं. किडे, मुळं. खाली पाणी न झिरपणारा नवा थर घालणार तो त्या मातीमुळे खराब झाला तर कुणी हमी देणार नाही. माती नाही ठेवता येणार. पण आई आपल्याच."

आई आपल्याच. सर खोटं बोलत नव्हते, हीच तर आग होती. वजनाचं खरं होतं, स्लॅब जुना होता, तिनेच कितीदा इतरांना हे समजावून सांगितलं होतं. खोटं बोलले असते तर तोंडावर फेकता आलं असतं. हे काय फेकायचं आणि कुणाच्या तोंडावर? माणसाकडून सगळं काढून घ्यायचं आणि वर त्यालाच मखरात बसवायचं, आणि त्याने हसायचं, झारी धरून. आईने आयुष्यात झारी धरली नव्हती. मगाने ओतायची, बुंध्याशी, पानं न भिजवता. चुकलेल्या नकाशाबद्दल सर म्हणाले, "भिंत ना? करा दुरुस्त. ट्रे तर कापून तयार आहेत, जागेवर बघून घेतील."

ती जिन्यात गेली आणि तिथून आईला फोन लावला. सरांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. फोनमध्ये नळाचं पाणी पडत होतं, ते थांबलं.

"माती उकिरड्यात आणि मी चित्रात?" आई म्हणाली.

"ते म्हणतात, सत्कार—"

"मला काढून टाक. तो फोटो तुझ्याकडेच आहे ना? आधीच्यातनं काढ, नंतरच्यात घालू नको. कुठेच ठेवू नकोस. आणि नीट काढ. पाठबीठ काही राहू देऊ नको."

मग तिने ते केलं. तेच, जे करता करता ती आईच्या हातापाशी थांबली होती. पण आता हात दुसऱ्याच जोराने चालत होता. या लोकांच्या हाती आईचा एक धागा लागू द्यायचा नाही, या ईर्षेने ती एकेक ठिपका पुसत गेली. पायांपासून सुरुवात केली. मग शर्ट, चौकडीन् चौकडी, ठेवणीतला. उलटवलेली कॉलर. मानेवरचा अंबाडा. शेवटी कमरेवरचा हात राहिला, नुसता हातच, हवेत लटकल्यासारखा, आणि तिथे मात्र तिला थांबून चष्मा पुसावा लागला. मग तोही गेला. तिथे कठडा आला, स्वच्छ, कोरडा. सरांनी पाहिलं आणि ते हिरमुसले. "अरे, नाहीत त्या?" "नको म्हणते," तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी 'नंतर'च्या फोटोत एक हसरी म्हातारी आली होती, विकतच्या फोटोंतली, गोरीगोमटी, हातात झारी. तिच्या नखांत कणभर माती नव्हती.

त्याच दिवशी ती नकाशा दुरुस्त करायला बसली. सरळ रेघ तिने धरली आणि तिरकी ओढली, होती तशी. इतक्या वर्षांत तिने जाणूनबुजून वाकडी रेघ कधी काढली नव्हती. आणि रेघ तिरकी झाल्याबरोबर तिला दिसलं की ट्रेची शेवटची रांग आता भिंतीला भिडत नाही. ट्रे सगळे चौकोनी, कारखान्यातून कापून आलेले. तिरक्या भिंतीपाशी एक पाचर उरत होती, एका टोकाला वीतभर, दुसऱ्या टोकाला, भोकाकडे, एक माणूस उकिडवं बसेल एवढी. त्या पाचरीत कारखान्याचं काहीच बसत नव्हतं. ती तिच्याकडे बघत राहिली. खाली भिंतीचा आधार, म्हणजे वजनाची अडचण नाही. तिने हिशेब मांडून खात्री केली, मग पुन्हा केली, कारण खाली आई झोपते. मग सूचनांपाशी गेली आणि तिसऱ्या सूचनेच्या शेवटी लिहिलं: जिन्याच्या खोलीलगतच्या तिरक्या पट्ट्यात, पाणी जाण्याचा मार्ग मोकळा ठेवून, जुनी माती कायम ठेवावी, पट्ट्याची देखभाल सर्वात वरच्या मजल्यावरील रहिवाशाकडे. ठरलेल्या भाषेत, ठरलेल्या अक्षरात. सरांनी फोनवर बोलता बोलता सही केली. तिने तो कागद घेतला तेव्हा तिला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. भीक चोरल्यासारखं वाटलं.

काम सुरू झालं त्या दिवशी तिने रजा टाकली. मजूर डबे उपडे करत होते आणि माती पोत्यांत भरून खाली नेत होते. ती आकाराने डब्यांसारखीच बाहेर पडायची, गोल, ओली, मुळांनी घट्ट धरलेली, आणि मग फावड्याने फुटायची. आई एका पालथ्या बालदीवर बसली होती. त्या फोननंतर ती मुलीशी बोलली नव्हती, आजही फक्त मजुरांना बोटाने दाखवत होती. हा डबा इकडे. तो नको, तो जाऊ दे. तो इकडे. कुठल्या डब्यात काय मुरलंय हे तिला माहीत होतं आणि ती निवडत होती, आणि निवडणं म्हणजे काय असतं ते तिच्या जबड्याकडे बघून कळत होतं. निवडलेली माती मुलगी घमेल्यातून पाचरीत आणून ओतत होती. गुडघे कळवळत होते. नखं भरली, चष्म्यावर बोटं उमटली. पाचर फार लवकर भरली. उरलेली माती जिन्याने खाली चालली होती, पोत्यामागून पोतं, आणि जिन्यात कुणीही बाजूला सरून नाक धरत नव्हतं, कारण आता तिला घाण वासच नव्हता. पावसात भिजलेल्या रानासारखी ती नुसती मातीच होती. हे एवढ्या वर्षांत तिने कधी आपणहून हुंगून पाहिलं नव्हतं.

आई उठून आली आणि पाचरीपाशी उभी राहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिने नजर फिरवली. त्याला वेळ लागला नाही.

"एवढीच?"

"एवढीच."

"तुला एवढंच जमलं."

"हो. एवढंच जमलं." तिला घमेलं भिरकावून द्यावंसं वाटलं. आईवर, सरांवर, त्या झारीवाल्या म्हातारीवर, स्वतःच्या त्या सरळ रेघांवर. तिने ते फेकलं नाही, पण खाली आपटलं तेव्हा मजुरांनी वळून पाहिलं. "आणखी काय करू? सांग ना. आणखी काय करू मी?"

आईने तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातांकडे पाहिलं, कोपरापर्यंत काळे झालेले. मग कठड्याला टेकवलेली काठी उचलून तिच्यापुढे धरली. "भोक बघ. यांनी सिमेंट सांडलंय तिथं."

ती कोपऱ्यात उकिडवी बसली. जागा तिला बरोबर पुरली. भोकाच्या तोंडाशी सिमेंटचा थर बसला होता आणि मागे पाणी साचून फिरत होतं. तिने काठी खुपसली. हलेना. पुन्हा खुपसली. काठी तळहातात रुतत होती, दात एकमेकांवर आवळले होते, आणि जितका जोर लावावा तितका आतून आणखी जोर येत होता, इतक्या वर्षांचा साठलेला. आई शेजारी वाकली, गुडघे न वाकवता, डावा हात कमरेवर, आणि उजव्या हाताने मगातलं पाणी भोकाशी ओतू लागली. "सरळ नको घालूस," ती म्हणाली. "तिरकी घाल."

जिन्यात पावलं वाजली. सर आले होते, काम बघायला, सोबत कॅमेरा घेतलेला पोरगा. सर दाराशीच थांबले. दोन पाठी, एक निळी चौकडीची. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "ताई... अहो, काय सुंदर दिसतंय हे. तशाच राहा. फक्त जरा इकडे बघता का दोघी? काकू, एकदाच."

आईने मान वळवली नाही. मगातली धार तुटू न देता ती हळूच म्हणाली, "सांग त्याला."

तिने काठी तिरकी केली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. "कामात आहोत," ती म्हणाली.